रामबाण औषध शोधून काढण्याची सोपी रीत

औषधाचा शोध लावायला प्रयोगशाळा, अनुदान आणि नीतिसमितीची परवानगी लागते, असा तुमचा समज असेल तर तो सोडा. सांगलीच्या माणसाला एक सर्दी आणि चमचाभर हळद पुरते. मात्र घाई करू नका. पहिले तीन-चार दिवस नाक खुशाल वाहू द्या आणि जीव अगदी मेटाकुटीला आला की मगच काढा सुरू करा, कारण साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते आणि त्या सुमारास जे काही पोटात गेलेले असते, त्याला तिच्या जाण्याचे श्रेय बिनबोभाट मिळते.

तुलनेच्या फंदात तर मुळीच पडू नका. जेम्स लिंड नावाचा एक जहाजावरचा डॉक्टर १७४७ मध्ये पडला होता. स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, जडलेल्या १२ खलाशांच्या त्याने सहा जोड्या केल्या. कोणाला व्हिनेगर दिले, कोणाला समुद्राचे पाणी, एका जोडीला संत्री-लिंबे, आणि नेमकी तीच जोडी झपाट्याने सुधारली. एवढे करून ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट सुरू केला तो १७९५ मध्ये. सर्वांना व्हिनेगरच पाजून कडक पथ्य सांगितले असते, तर मरणाऱ्यांनी पथ्य मोडले असे म्हणता आले असते.

डॉक्टरही पारखून घ्या. ‘विश्रांती घ्या, पाणी प्या, औषध काही नको’ असे सांगणाऱ्याला फी देणे म्हणजे पैसे कृष्णेत सोडणे. सरळ मिरज गाठा, तिथे दवाखान्यांना तोटा नाही. इंजेक्शन मागा, जमल्यास सलाईनची बाटलीही लावून घ्या, आणि अँटिबायोटिकचा सर्दीच्या विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही, ही आम्हा संशोधकांची कुरकुर मनावर घेऊ नका.

मार्केट यार्डातल्या माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने ही विद्या कोणीही न शिकवता साधली आहे. नखांच्या कडांत हळद भरलेला हात पुढे करून ते म्हणाले, “डॉक्टर, घरातल्या सगळ्यांना आठ दिवसांत गुण आला.” काढा न घेणाऱ्यांना किती दिवस लागले, असे मी (सवयीने) विचारले. “आमच्या घरात न घेणारा हाय कोण?”

पुढच्या खेपेला त्यांची स्वतःची सर्दी बारा दिवस हटेना, तेव्हा मी जरा आशेने चौकशी केली. ते म्हणाले, “ती हळद राजापुरी नव्हती.”