तुमची डावी की माझी डावी?

काल संध्याकाळी वॉचमननं गेट उघडता उघडता माझ्या बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "काकांनी दुरुस्त केलेली गाडी ती हीच न्हवं? आता झकास चालतीय की." मी काच खाली करायला गेलो, मग आठवलं की ह्या गाडीला काच नाहीच, म्हणून नुसतंच तोंड बाहेर काढून विचारलं, कुणी दुरुस्त केली? "काकांनी. बी विंगच्या. तेच सांगत होते कट्ट्यावर."

तीन रविवार. तीन रविवार मी त्या गाडीखाली उताणा पडून काढलेत. डोळ्यात गंज गेला, अंगठ्याच्या नखाचं जांभूळ झालं, बायकोनं माझा टॉवेल घरातल्या टॉवेलांपासून कायमचा वेगळा केला. आणि गाडी दुरुस्त केली कुणी, तर काकांनी.

गाडी म्हणजे मामांची १९७३ ची महिंद्राची जीप पिकअप. पुढं जीपचं तोंड, मागं हौदा. गुऱ्हाळावरनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून ती कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात यायची. मामा गेले, गुऱ्हाळ बंद पडलं, मामेभावांनी ट्रॅक्टर वाटून घेतला आणि पिकअप "तुला आवड आहे ना" म्हणून माझ्या गळ्यात मारली. लोक विचारतात विंटेज का? तर नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणं गाडी पन्नास वर्षांच्या वरची पाहिजे, ती आहे. पण मूळ रूपात पाहिजे, आणि मामांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून मूळ इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन कधीच बसवलेलं. त्यामुळं ती विंटेज नाही, नुसती म्हातारी आहे. 'व्हीए' सिरीजची नंबरप्लेट वगैरे चैन आपल्या नशिबात नाही.

तर तिच्या स्टेअरिंगला प्ले आलेला. प्ले म्हणजे चांगला चार बोटांचा. तुम्ही स्टेअरिंग फिरवायचं, मग ते कळवणार, मग चाकं विचार करणार. सरळ रस्त्यावरसुद्धा मी जुन्या पिक्चरमधल्या हिरोसारखा सारखं डावं-उजवं करत बसायचो. तेही चाललं असतं, पण वाघबीळच्या अलीकडं एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि पुढची दोन्ही चाकं अशी काही थडथडायला लागली की स्टेअरिंग हातातनं सुटतंय का काय असं झालं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. मी ब्रेक दाबून गाडी पार थांबवली तेव्हा ती थरथर थांबली. माझी नाही थांबली. ट्रॉलीवाल्यानं जाता जाता जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मिस्त्री म्हणाला टायरॉड एंड गेले असणार, चारी बदला. (टायरॉड म्हणजे चाकं वळवणारे दांडे. ह्या जीपला दोन, प्रत्येकाला दोन एंड, म्हणजे टोकाचे सांधे.) मिस्त्रीचं ऐकून मी स्पेअरच्या दुकानात गेलो.

"ओरिजिनल देऊ का डुप्लिकेट?"

"ओरिजिनल."

"ओरिजिनलमध्ये तीन प्रकार आहेत."

आता ह्यावर माणसानं काय बोलावं. मी मधला प्रकार घेतला, आपण मध्यमवर्गीय माणसं, हॉटेलात पण मेनूकार्डावरचं मधलंच मागवतो. चार नगांचे चोवीसशे. आठवड्यात एकाचं रबर तडकलं. म्हणजे ते रबर धूळ आत जाऊ नये म्हणून असतं, तर त्या रबराला धूळच सहन झाली नाही. घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो, "बसवलेला माल परत घेत नाही." अरे बाबा, न बसवता कळणार कसं? हे मी आजवर निदान पाच दुकानांत विचारलंय आणि पाचही ठिकाणी समोरच्यानं माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडं बघून "बोला साहेब" म्हटलंय.

असो. जुने एंड काढणं हा एक वेगळाच अनुभव. नट अडवून धरणारी स्प्लिट पिन पन्नास वर्षांच्या गंजानं तिथंच समाधिस्थ झालेली, तिचे तुकडे ड्रिलनं काढायचे. मग नट निघतो, पण एंड हलत नाही, कारण तो टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, घट्ट बसलेला. त्याच्या आट्यांवर हातोडा घालायचा नाही, तो ज्या भोकात बसलाय त्या भोकाच्या कडेला मारायचा, पलीकडनं दुसरा हातोडा टेकवून धरायचा. दहा-बारा दणक्यात तो असा टप्पकन पडतो, की वाटतं हा मघापासूनच सुटलेला, उगाच गंमत बघत होता. आणि नवा बसवताना ध्यानात ठेवायचं की प्रत्येक टायरॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे. म्हणजे मधला रॉड फिरवला की दोन्ही बाजू एकदम लांब होतात नाहीतर आखूड होतात, त्यावरनं चाकांचं टो-इन, म्हणजे ती पुढून किती आत वळलेली असावीत ते, सेट होतं. कल्पना सुंदर आहे. पण उताणं पडून, अंगावर माती पडत असताना, उलटे कुठले आणि सुलटे कुठले हे ठरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात पुढं आयुष्यभर डाव्या-उजव्याचा घोळ राहतो एवढं सांगतो. जुना एंड किती आटे बाहेर होता ते मी खडूनं फरशीवर लिहून ठेवलेलं. ते झाडूवालीनं पुसलं.

चारी बदलून गाडी बाहेर काढली. प्ले? चार बोटं. एक बोट कमी नाही.

तर आता शोधायचं होतं की प्ले नेमका कुठं आहे. त्याचा उपाय सोपा आहे, चाकं जमिनीवर ठेवून एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली पडून बघायचं की कुठला सांधा आधी हलतो आणि कुठला नुसताच बघत बसतो. म्हणजे दुसरा माणूस पाहिजे. बायको म्हणाली, मी नाही बसणार त्या भंगारात. मुलगा झोपलेला. चाकांना विटा लावून, समोरनं डोकं आत घालून मी एकटाच खाली सरकलो, नुसतं बघून काही कळतंय का बघायला.

आणि माझ्या दोन पायांच्या मधे दोन चपला येऊन उभ्या राहिल्या. निळ्या पट्ट्याच्या, बाथरूम स्लीपर. शेजारी एक पिशवी लोंबकळत होती, त्यातनं कोथिंबीर बाहेर डोकावत होती.

"काय बिघडलंय?" चपला म्हणाल्या.

"स्टेअरिंगला प्ले आलाय काका."

"प्ले म्हंजे?"

"म्हणजे फिरवलं तरी चाक लगेच फिरत नाही."

"मग ते आमच्या एस.टी.ला पण होतंच की. तेवढं पाहिजेच. नाहीतर ड्रायव्हरला झोप लागंल."

मी गप्प.

"बत्तीस वर्षं काढली एस.टी.त. गाडी नुसती आवाजावरनं ओळखतो मी. ही देणार काय?"

"नाही काका."

"भंगारवाल्याला विचारलं काय? किलोवर चांगलं जाईल. पत्रा जुना आहे, जाड आहे."

इथं मी एक चूक केली. माणूस खाली पडलेला असला की त्याची विवेकबुद्धी पण पडलेली असते. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं वर बसून स्टेअरिंग हलवता का? अगदी थोडं. डावीकडं, उजवीकडं."

चपला निघाल्या. गाडी एका बाजूला कलंडली, पाटे कुरकुरले, पिशवी सीटवर ठेवल्याचा आवाज आला. मग वरनं:

"ह्याला तीन गिअर कसे?"

"काका, त्यांना हात लावू नका! एक मेन गिअर आहे, एक फोर व्हीलचा, एक हाय-लोचा. नुसतं स्टेअरिंग!"

"लावत नाही. विचारतोय."

खट्ट असा आवाज आला. मी खिशातली चावी चाचपली, विटा आठवल्या, आणि एल.आय.सी.चा शेवटचा हप्ता भरला होता का ते आठवायचा प्रयत्न केला.

"हां. कुठं फिरवू?"

"डावीकडं."

शांतता.

"तुमची डावी की माझी डावी?"

"म्हणजे?"

"न्हाई, तुम्ही उताणे पडलाय. उताण्या माणसाची डावी उजवीकडं जाती."

"काका, तुमचीच. तुमची डावी."

"माझी डावी म्हंजे ड्रायव्हरची डावी का क्लीनरची?"

"दोघांची डावी एकच असते हो काका! दोघं पुढंच तोंड करून बसतात ना!"

"मग तुमचं तोंड कुठं आहे?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझं तोंड कुठं आहे हे सांगता येईना. पाय पुढं, डोकं मागं, नजर चेसीकडं. मी डावा हात वर केला, मग उजवा केला. दोन्ही हातांना ग्रीस. आता मलाही खात्री वाटेना. घरी आल्यावर मी कागदावर आकृती काढली. आमची दोघांची डावी एकच होती. पहिल्यापासून. पण ते काकांना आता कुठल्या तोंडानं सांगणार.

"कुठंही फिरवा," मी म्हटलं.

त्यांनी फिरवलं. आणि सोबत हॉर्न दाबून बघितला. कानाच्या वर दीड फुटावर भोंगा आहे. मी उडालो, कपाळ ड्रॅग लिंकवर, म्हणजे स्टेअरिंगचा ढकला पुढं नेणाऱ्या दांड्यावर, आपटलं. "वाजतोय," वरनं रिपोर्ट आला.

मग फोन वाजला. काकांचा. स्पीकरवर. "व्हय, आलोच. न्हाई, गाडी दुरुस्त करायलोय. कुणाची म्हंजे? खालची, ती गूळवाली. न्हाई, हे आहेत की, ते खाली पडलेत. कोथमीर घेतली. व्हय, ताजी आहे." बोलताना त्यांचा दुसरा हात स्टेअरिंग आपोआप इकडं-तिकडं हलवत होता, बोलणारा माणूस टेबलावर बोटं वाजवतो तसा. अगदी थोडं, डावं-उजवं, डावं-उजवं. मघापासून जे मी मागत होतो ते बरोब्बर तसं.

आणि मला दिसलं. ड्रॅग लिंक हलतीय, ती ज्याला ढकलते ती बेल क्रँकही हलतीय, पण हलताना ती फिरायच्या आधी अख्खी जागेवरनं वर-खाली होतीय. जत्रेतल्या पाळण्यासारखी. टायरॉड तोवर ढिम्म. म्हणजे चोवीसशे रुपयांचे चारी एंड निर्दोष, त्यांच्या आधीचे चारीही बहुतेक निर्दोषच, ते मी हातोड्यानं मारून मारून भंगारात घातले.

ही बेल क्रँक म्हणजे त्रिकोणी तुकडा, चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर (क्रॉस मेंबर) मधोमध एका पिनवर बसवलेला. एका बाजूनं स्टेअरिंगचा ढकला घ्यायचा आणि दोन्ही चाकांच्या टायरॉडना वाटायचा, एवढंच काम. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासूनची ही व्यवस्था. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, तिच्यासोबत हीपण आली आणि पुढं वर्षानुवर्षं राहिली. लढाईच्या गाडीला किती आयुष्य असणार असा हिशोब असेल तिकडं. ती गाडी पुढं पन्नास वर्षं गूळ वाहणार हे कुणाच्या डोक्यात येणार. त्या पिनला ग्रीस द्यायला निपल असतो, दर हजार मैलांना द्यायचं. निपल मी शोधला. त्याच्यावर मातीचा असा थर होता की त्यात हरभरा उगवला असता. मामांनी दिलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, गेल्या सहा वर्षांत मीही दिलं नाही. ग्रीस गन आहे माझ्याकडं. नवीकोरी.

"काका, मिळालं! बेल क्रँक आहे!"

"मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले. "मघापासनं इथं टकटक लागत होतं हाताला."

मघापासनं? मघापासनं तुम्ही कोथिंबिरीबद्दल बोलत होता! पण हे मनात. तोंडात माती होती.

पुढचं पटकन सांगतो. उद्यमनगरात लेथवाल्याकडं क्रँक आणि पिन घेऊन गेलो. त्यानं पिनला व्हर्नियर लावला, एकदा उभा, एकदा आडवा, आणि माझ्याकडं बघितलं. "ही गोल होती काय कधी?" नवी पिन केली, गनमेटलचा बुश, म्हणजे पिनभोवतीची बांगडी, बनवला, त्यात ग्रीससाठी चर मारला. साडेसातशे रुपये. चोवीसशेच्या आधी हे साडेसातशे केले असते तर, हा हिशोब मी रात्री झोप लागत नसली की करतो, आणि मग अजिबातच लागत नाही. टो-इन दोरी आणि टेप घेऊन सेट केलं, पुढून मागच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी. प्ले चार बोटांचा एक बोट झाला. वाघबीळला त्याच खड्ड्यात मुद्दाम घातली, नुसतं धप्प झालं आणि सरळ गेली. मी एकटाच ओरडलो गाडीत.

पण खाली पार्किंगमध्ये काकांनी कट्ट्यावर सगळं सांगून झालेलं. हे पडलेले खाली, मी वर, हाताला टकटक लागली, म्हटलं क्रँक बघा. बत्तीस वर्षांचा अनुभव. मी एकदा विचारलंच, काका, एस.टी.त वर्कशॉपला होता का? "न्हाई, न्हाई. विद्यार्थ्यांच्या पासला." म्हणजे बत्तीस वर्षं पोरांच्या फोटोवर शिक्का मारला. तेही काम आहे, नाही म्हणत नाही. पण बेल क्रँक?

नोटीस बोर्डावर मात्र पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पाडल्याबद्दल सूचना लागलीय, त्यावर फ्लॅट नंबर माझा आहे. डाग पाडणारा मी, दुरुस्त करणारे काका.

आणि आज सकाळी बेल वाजली. दारात निळ्या पट्ट्याच्या स्लीपर.

"काल तुम्ही गेटातनं आलात तेव्हा बघितलं मी. गाडी सरळ येतीय पण स्टेअरिंग वाकडं दिसतंय."

दिसतंय, कारण आहेच. दोन टायरॉड मी सारखे लांब केले नाहीत, खडूचा आकडा पुसला गेला ना. आता एक टायरॉड दोन आटे लांब करायचा, दुसरा तेवढाच आखूड, आणि ते करताना वर कुणीतरी स्टेअरिंग सरळ धरून बसायला पाहिजे. बायको बसणार नाही. मुलगा झोपलेला असणार.

"रविवारी मी मोकळा आहे," काका म्हणाले. "फक्त ते डावीचं आधी नक्की करून घेऊ."