विचार चालू आहे

आत्या गेली आणि तिने आयुष्यभर जपलेले पैसे माझ्या खात्यात आले. किती, ते सांगत नाही. सांगितलं तर श्रीमंतांना हसू येईल आणि नातेवाइकांना माझी आठवण येईल. आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्यातले स्वल्पविराम बोटाने मोजले, पुन्हा मोजले आणि मोबाइल पालथा घालून ठेवला, एवढंच सांगतो.

आमची आत्या म्हणजे हिशेबाला पक्की. रोज रात्री वही उघडायची, जमा आणि खर्च लिहायचा, आणि एका नाण्याची जरी तफावत निघाली तरी दिवा मालवायचा नाही. लहानपणी मी तिच्याकडे राहायला गेलो की माझ्या नावाचं वेगळं पान पडायचं. एकदा मी छत्री हरवली, तर तिची किंमत तिने 'भाच्याचा वेंधळेपणा' या सदराखाली खर्ची घातली. ते सदर पुढे बरीच वर्षं चालू होतं.

पगाराचं एक बरं असतं. तो येतो, आपल्याला ओळख दाखवतो आणि निघून जातो. त्याच्याशी आपलं काही भावनिक नातं जुळत नाही. हे पैसे तसे नव्हते. त्यांना आत्याचे डोळे होते, चष्म्यासकट. त्यामुळे त्यांना हात लावायचा म्हटलं की मला ती छत्री आठवायची.

म्हणून मी ठरवलं की तूर्तास ते बचत खात्यातच राहू देत. 'तूर्तास' हा शब्द फार सोशिक आहे. त्याने सात महिने काढले.

आठव्या महिन्यात मला ७२चा नियम भेटला. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात तो सापडतो, म्हणजे निदान पाचशे वर्षं तो लोकांची झोप उडवतो आहे. ७२ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. समजा, खातं तीन टक्के देतंय, तर चोवीस वर्षं. इथवर मला बरं वाटलं. मग कळलं की हाच नियम महागाईलाही लागतो. ती सहा टक्के असेल तर पैशाची किंमत बारा वर्षांत निम्मी. म्हणजे चोवीस वर्षांनी माझे पैसे दुप्पट झालेले असतील आणि वस्तू चौपट. मी काहीही न करता, नुसता बसून, आत्याचे निम्मे पैसे घालवणार होतो. वेंधळेपणाच्या सदरात एवढी मोठी रक्कम तिने कधी लिहिली नसती.

वारशाची बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती, त्यामुळे ती तोवर सगळ्यांना कळली होती.

पहिला आला मेहुणा. तो शेअर बाजारात असतो, म्हणजे शरीराने आमच्यात असतो. "दाजी, सगळे इक्विटीत टाका आणि विसरून जा. लाँग टर्म!"

"लाँग टर्म म्हणजे किती रे?"

"म्हणजे... पडलं तर पुन्हा वर येईपर्यंत."

मी वाचत बसलो. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९मध्ये ज्या शिखरावर होता, ते त्याने पुन्हा ओलांडलं २०२४च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं! मधला लाभांश धरला, दर महिन्याला थोडे थोडे घातले असते असं धरलं, तर चित्र इतकं भयाण नाही, हे मलाही समजतं. पण आत्याला ते समजावून सांगणारा मी कोण?

मेहुण्याने मग बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याचा दाखला दिला. १७९०मध्ये गेलेल्या या गृहस्थाने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना हजार-हजार पौंड ठेवले, अट अशी की होतकरू कारागिरांना व्याजाने द्या आणि दोनशे वर्षं वाढू द्या. १९९०मध्ये बॉस्टनच्या वाट्याचे सुमारे ५० लाख डॉलर झाले होते. "बघा!" मेहुणा म्हणाला. मी बघितलं. फिलाडेल्फियाचे झाले होते सुमारे २० लाख. माणूस एक, मृत्युपत्र एक, रक्कम एक, आणि तरीही एक शहर मागे पडलं. ते शहर मी असणार, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही.

सासऱ्यांचा विश्वास सोन्यावर. "जावईबापू, सोनं कधी दगा देत नाही." मी अदबीने सांगितलं की डॉलरमध्ये पाहिलं तर जानेवारी १९८०चा उच्चांक सोन्याने मोडला तो २००८मध्ये, तब्बल २८ वर्षांनी. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पण तोवर ते कुठे पळून गेलं होतं का?" याला उत्तर नाही.

मुलीने बिटकॉइन सुचवलं. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या एका वर्षात त्याची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत उडाली होती, हे मी तिला दाखवलं. "बाबा, नंतर ते परत वर गेलं," ती म्हणाली. या घरात सगळ्यांचं सगळं परत वर जातं, फक्त मधल्या काळात रक्तदाब कुणी मोजायचा तेवढं ठरलेलं नाही. शेजारच्या काकांनी जमीन घ्यायला सांगितलं. ते स्वतःच्या जमिनीच्या हद्दीवरून गेली काही वर्षं कोर्टात असल्यामुळे त्यांना बोलायला फार वेळ नव्हता.

बँकेतल्या एका तरुणाने मात्र वेळच वेळ दिला. "सर, तुमचे पैसे झोपलेत," तो फोनवर म्हणाला. मला त्या पैशांचा हेवा वाटला. त्याच्याकडे विमा आणि बचत एकत्र बांधलेली एक योजना होती. तिची पुस्तिका बेचाळीस पानांची होती आणि तिच्यातलं एकच वाक्य मला पूर्ण समजलं, 'सही येथे करावी.' ती मी केली नाही. या सगळ्या प्रकरणात ठामपणे घेतलेला माझा हा एकमेव निर्णय.

मग मी तक्ता बनवला. सत्तावीस ओळी, अकरा रकाने. जोखीम लाल, परतावा हिरवा, कर पिवळा. रात्री दीडला तो तक्ता सणाच्या तोरणासारखा दिसायचा आणि तेवढंच सांगायचा. त्यातून नवीनच भानगड निघाली. कुठे घालायचे हे ठरलं तरी एकदम घालायचे की हप्त्याहप्त्याने? व्हॅनगार्ड या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने २०१२मध्ये जुने आकडे तपासून सांगितलं की सुमारे दोन तृतीयांश वेळा एकरकमी घालणाराच पुढे राहिला. कारण साधं आहे, बाजार पडण्यापेक्षा चढतो जास्त वेळा, आणि बाहेर थांबलेला पैसा नुसता थांबतो. पटलं. पण उरलेली एक तृतीयांश वेळ? तिला माझा पत्ता पाठ आहे. मी ज्या रांगेत उभा राहतो तिची खिडकी बंद होते, हे मी आजवर कोणत्याही तक्त्याशिवाय पाहत आलो आहे.

कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख मोठं. पुढच्या अभ्यासात ते साधारण दुप्पट भरलं. त्यांनी वारशाचे पैसे वेगळे मोजले असते तर आकडा चौपट आला असता, असं माझं मत आहे.

अशात मला हॅरी मार्कोविट्झ सापडला आणि मी बायकोला हाक मारली. गुंतवणूक कशात किती विभागावी याचं गणित या माणसाने १९५२मध्ये मांडलं, त्यावर १९९०मध्ये त्याला नोबेल मिळालं. आणि स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांचं त्याने काय केलं? निम्मे शेअरमध्ये, निम्मे रोख्यांत! बाजार चढला आणि आपण बाहेर असलो तर हळहळ, पडला आणि पूर्ण आत असलो तरी हळहळ; दोन्ही हळहळी कमी करायच्या म्हणून निम्मे-निम्मे. स्वतःचं समीकरण त्याने उघडलंसुद्धा नाही.

"बघ, तोसुद्धा माझ्यासारखाच घाबरला!" मी म्हणालो.

"पण अहो, त्याने पैसे घातले ना!"

मी तक्त्याकडे बघू लागलो. ती मागे उभी राहून ओळी वाचत होती. "आपल्या घराच्या कर्जाला किती टक्के पडतात?"

मी सांगितलं.

"आणि यातलं कोण आपल्याला तेवढे टक्के देतंय? अगदी नक्की, बाजार पडला तरी?"

सत्तावीस ओळी होत्या. त्यांत कर्जाची ओळ नव्हती. फेडलेल्या कर्जाचं व्याज वाचतं ते नक्की वाचतं, त्याला चढ नाही, उतार नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल. मला न कळण्याचं कारण असं की कर्ज फेडणं ही काही गुंतवणूक वाटत नाही. मेहुण्याला काय सांगणार, 'आज माझं कर्ज दोन टक्के चढलं'?

त्यानंतर सगळं एका संध्याकाळी उरकलं, म्हणजे तिने उरकलं. मोठा हिस्सा कर्जात, सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत, राहिलेले मार्कोविट्झसाहेबांच्या पद्धतीने निम्मे-निम्मे, आणि माझ्या रांगेच्या नशिबाला मान देऊन त्यातला शेअरचा भाग बारा हप्त्यांत. अर्ज भरून झाले. एका रकान्यात 'रकमेचा मूळ स्रोत' लिहायचा होता. वारसा, असं लिहिलं आणि थबकलो. आत्याकडे इतके पैसे आले तरी कुठून, नीट लिहिलेलं बरं, म्हणून तिच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा सोडला.

चौथ्या वहीत एक अख्खं पान आखलेलं होतं. वर तिच्या ठसठशीत अक्षरात मथळा, 'बाबांकडून आलेले पैसे. कुठे ठेवावेत?' खाली तीन रकाने: सोने, जमीन, ठेव. प्रत्येकाखाली फायदे, तोटे, बेरजा, वजाबाक्या. मग तिन्ही रकान्यांवर काट मारलेली. पुन्हा आखलेले. पुन्हा काट. दोन ठिकाणी खोडरबराने कागद झिजला होता. तळाशी लिहिलं होतं, 'विचार चालू आहे. पुढील महिन्यात ठरवू.'

पुढल्या महिन्याचं पान काढलं. भाजी, वीजबिल, वाण्याची उधारी. त्याच्या पुढच्या महिन्याचंही काढलं. मग सगळ्याच वह्या चाळल्या. तो विषय पुन्हा कुठेही नव्हता.

मी मागे जाऊन त्या पानावरची तारीख पाहिली. त्या वर्षी मी तिसरीत होतो.

बायकोने वही माझ्या हातातून घेतली आणि पेन दिलं.