‘मजबुरीत सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांना

आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘हृदयात बसवायचा व्हॉल्व्ह (झडप) डुकराचा की गाईचा, हे मुसलमान पेशंटला सांगत बसू नका. त्यांच्या धर्मात मजबुरीत सगळं चालतं. सांगितलं तर अडाणी माणूस ऑपरेशन सोडून पळतो. सही झाली म्हणजे संमती झाली.’ पुढे पाठवणाऱ्यांत माझे मुसलमान दोस्तही आहेत, म्हणून उत्तर देतो. मी डॉक्टर नाही. गावाकडचे पेशंट घेऊन नागपूरच्या वाऱ्या करणारा माणूस आहे.

मजबुरीचं आधी. ते खोटं नाही, अर्धं आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातली १७३वी आयत डुकराचं मांस हराम ठरवते आणि तिथंच सांगते, की नाइलाज झालेल्यानं ते खाल्लं, हौसेनं नाही, हद्द सोडून नाही, तर त्याच्यावर गुन्हा नाही. म्हणजे अट नाइलाजाची आहे. आता कार्बनचे, धातूचे कृत्रिम व्हॉल्व्ह मिळतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं तयार केलेला देशी व्हॉल्व्ह तर १९९० पासून माणसांना बसतो आहे. पर्याय आहे हेच लपवलं, तर मजबुरी पेशंटची कशी? ती तुम्ही त्याच्यावर लादलेली.

पण म्हणून ‘कृत्रिमच बसवा’ असंही मी म्हणत नाही. तो बसला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि ती बरोबर लागू पडते का हे पाहायला पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा. खेड्यातून तपासणी म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण जाते हो? गोळी कमी पडली तर व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. बाई तरुण असेल, अजून मूल हवं असेल, तर ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. जनावराच्या व्हॉल्व्हला बहुतेकांना ही जन्मभराची गोळी लागत नाही, पण तो साधारण १० ते १५ वर्षांत झिजतो, तरुणपणी आणखी लवकर, मग पुन्हा ऑपरेशन. हे सगळं ऐकून एखादी बाई डुकराचा व्हॉल्व्ह स्वतःहून निवडेल. एखादी गाईबैलाच्या हृदयावरच्या आवरणातून केलेला मागेल. (तो माझ्या आईला बसवायचा असता, तर डॉक्टरांची काय गत झाली असती ते मला माहीत आहे. प्रश्न काही एकट्या मुसलमानांचा नाही.)

काही ठिकाणी नाइलाज खराच असतो. हृदय थांबवून ऑपरेशन करताना हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावं लागतं, आणि ते बहुतेक डुकराच्या आतड्यातूनच काढलेलं असतं. मग तेही तसंच सांगा ना.

‘पळतो’ म्हणता? मी पळालेला एकच पाहिला, आणि त्याला कोणीच काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्यानं रात्री सांगितलं, सकाळी खाट रिकामी. ज्या चाचांना डॉक्टरांनी आधी बसवून समजावलं, त्यांनी व्हरांड्यातूनच मौलानांना फोन लावला, पंधरा मिनिटं बोलले, आणि येऊन अंगठा दिला.

सहीचं तर कोर्टानंच सांगून ठेवलंय. समीरा कोहली प्रकरणात, २००८ साली. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय डॉक्टरांनी तिच्या आईला विचारून काढलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही. वेळ-पैसा वाचला, भलंच झालं, हे कारणही पुरत नाही. उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, हे सांगून घेतलेली संमती तीच संमती. आमच्याकडे इंग्रजी फॉर्मवर मुलगा सही करतो आणि बाईला व्हॉल्व्ह म्हणजे काय हेही ठाऊक नसतं.

पुढच्या मंगळवारी एका चाचींना घेऊन जातोय. त्यांच्या पोराला कागदावर प्रश्न लिहून दिले: व्हॉल्व्ह कशाचा, दुसरा कोणता मिळेल, किती वर्षं टिकेल, गोळी किती दिवस. चाचींनी ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, “ये सब ठीक है भैया, पन हर महिने टेस्ट कू मेरेकू लेके कौन जाएगा, वो भी लिख.”