कामावर परतला म्हणजे बरा झाला?

युद्धात डोक्याला जखम झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनावरचा लेख वाचला. सैनिक कामावर परतला की पुनर्वसन झालं, असं त्यात धरलंय. फारच तोकडं माप आहे हे. व्हिएतनाम युद्धात मेंदूत गोळी किंवा स्फोटाचे तुकडे घुसलेल्या अमेरिकन सैनिकांचा कित्येक दशकं पाठपुरावा झाला. 15 वर्षांनंतरच्या तपासणीत निम्म्याहून अधिक जणांना अपस्मार (फिट येण्याचा आजार) जडलेला दिसला. काहींना तर पहिला झटकाच जखमेनंतर 14 वर्षं उलटल्यावर आला. म्हणजे फाइल बंद झाल्यावर आजार सुरू!

दुखापतीआधीची बौद्धिक क्षमता चांगली असेल तर पुढेही ती जास्त टिकते, हेही त्याच अभ्यासात दिसलं. भरतीच्या वेळच्या चाचणीचे गुण हाताशी होते म्हणून हे कळलं. अशा नोंदी प्रत्येक सैन्याने जपायला हव्यात.

स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला होणाऱ्या इजेचं आणखी अवघड. स्कॅन बऱ्याचदा नॉर्मल येतो. डोकेदुखी, झोप उडणं, विसरणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं मात्र राहतं. त्यात युद्धाचा मानसिक आघात मिसळला की कशामुळे काय होतंय हे डॉक्टरांनाही वेगळं काढता येत नाही. आणि चिडका, अलिप्त झालेला नवरा वर्षानुवर्षं सांभाळणारी बायको? तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही.