रोमचे प्रजासत्ताक एकट्या सीझरने बुडवले नाही

रोमच्या इतिहासाविषयीचा एक मजकूर मराठी वाचकांमध्ये वारंवार फिरताना दिसतो. त्याचा आशय असा की, रोममध्ये पाचशे वर्षे लोकशाही सुखाने नांदत होती, इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या प्रांताची हद्द असलेली रुबिकॉन नदी ओलांडून स्वतःच्याच राजधानीवर सैन्य नेले आणि ती बुडवली. पैशाला चटावलेल्या सैनिकांनी त्याला साथ दिली. ब्रुटसने त्याचा खून करून स्वातंत्र्य वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तोवर सीझर रोमचा पहिला सम्राट होऊन बसला होता. सीझरची महत्त्वाकांक्षा मला नाकारायची नाही. माझा आक्षेप असा आहे की, सगळा दोष एका माणसाच्या माथी मारल्यामुळे खरे कारण दृष्टीआड होते. ज्या सैनिकांच्या बळावर हे राज्य भूमध्य समुद्राभोवती पसरले, त्यांच्या उत्तरायुष्याची कायमची सोय प्रजासत्ताकाने कधी आपल्या अंगावर घेतली नाही. ती सेनापतींवर सोडून दिली.

प्रथम ‘सुखाने नांदणारी लोकशाही’. दरवर्षी निवडणुका होत, सामान्य नागरिकांच्या रक्षणासाठी ट्रिब्यून असत आणि इ.स.पू. १३९ पासून निवडणुकीत गुप्त मतदानही आले. हे सारे खरे आहे. परंतु कॉन्सल, म्हणजे दरवर्षीचे दोन सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत मते माणशी मोजली जात नसत, गटवार मोजली जात. मूळ रचनेत अशा १९३ गटांपैकी १८ अश्वदळाचे आणि ८० सर्वांत श्रीमंत वर्गाचे होते, म्हणजे ९८ गट एकत्र आले की बहुमत तेथेच पूर्ण होई. मालमत्ता नसलेल्या असंख्य नागरिकांना मिळून एकच गट होता. पुढे या रचनेत थोडा बदल झाला, पण धनिकांचे पारडे जडच राहिले. शिवाय मत द्यायला रोममध्ये स्वतः हजर राहावे लागे, त्यामुळे इटलीभर नागरिकत्व पसरल्यानंतरही दूरच्या शेतकऱ्याचा हक्क बहुधा कागदावरच राहिला.

दुसरा मुद्दा असा सांगितला जातो की, सीझरच्या आधी रोमच्या राजकारणात शस्त्र नव्हते. रुबिकॉनच्या ८४ वर्षे आधी, इ.स.पू. १३३ मध्ये, सार्वजनिक जमिनीचे फेरवाटप करू पाहणाऱ्या टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनला सिनेटच्या, म्हणजे उच्चपदस्थांच्या सभेच्या, सभासदांनीच त्याच्या अनुयायांसह मारले, आणि त्यांचा पुढारी नासिका हा रोमचा मुख्य धर्माधिकारी होता. इ.स.पू. १२१ मध्ये टायबेरियसच्या भावाचा, गायसचा, शेवट झाला, तेव्हा तर सिनेटने ठराव करून कॉन्सलला मोकळा हात दिला होता. रोमवर रोमन सैन्य नेण्याचा पहिला मान, त्याला मान म्हणायचे तर, सुल्ला या सेनापतीकडे जातो. इ.स.पू. ८८ मध्ये पूर्वेकडील युद्धाचे सेनापतिपद त्याच्याकडून काढून मारियस या प्रतिस्पर्धी सेनापतीला देण्यात आले, तेव्हा तो सरळ सैन्यासह राजधानीवर चालून गेला. इ.स.पू. ८२ मध्ये त्याने नगराच्या वेशीवर लढाई जिंकली आणि विरोधकांच्या नावांच्या याद्या लावून त्यांना कोणीही ठार मारावे अशी मुभा दिली. सीझर तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच्या पिढीतला प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणूस हे पाहतच वाढला होता.

तिसऱ्या मुद्द्याचा, ‘पैशाला चटावलेले सैनिक’ या आरोपाचा, मला सर्वांत जास्त राग येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुन्या रोममध्ये स्वतःची जमीन असलेला शेतकरी हंगामापुरता लढायला जाई आणि परत येऊन नांगर धरी. युद्धे स्पेन, आफ्रिका आणि आशियापर्यंत लांबली तशी मोहीम वर्षानुवर्षे चालू लागली. सैन्यात येण्यासाठी लागणारी मालमत्तेची अट हळूहळू खाली येत गेली आणि इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने भूमिहीनांनाही भरती करून घेतले. अशा माणसाला सेवा संपल्यावर परतायला शेत नव्हते. त्याला जमीन हवी होती, आणि ती देण्याची कोणतीही कायमची व्यवस्था राज्याकडे नव्हती. जमीन मिळायची ती सेनापतीने सभेत कायदा रेटून मंजूर करून घेतला तर, किंवा सुल्लाने केले त्याप्रमाणे शत्रुपक्षाच्या गावांची शेते हिसकावून वाटली तर. मग इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाच्या बहुतेक सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याची साथ सोडली असताना साधे शिपाई मात्र त्याच्यामागे का गेले, हे समजणे अवघड नाही. सेनापती बदलला की मोहिमेवर दुसरेच लोक जातील आणि आपण रिकाम्या हाताने घरी जाऊ, ही त्यांची भीती होती.

याउलट, सेनापतीने कायदा पाळला तर काय होई, याचे उदाहरण पॉम्पी या सेनापतीने घालून दिले आहे. पूर्वेतील मोठे विजय मिळवून तो इ.स.पू. ६२ मध्ये ब्रुन्डिसियम बंदरावर उतरला, तेव्हा तो दुसरा सुल्ला होणार म्हणून रोममध्ये धास्ती पसरली होती. त्याने तेथेच सैन्य विसर्जित केले आणि खासगी नागरिक म्हणून राजधानीत आला. त्याची मागणी दोनच गोष्टींची होती: पूर्वेत लावलेल्या व्यवस्थेला मान्यता आणि आपल्या सैनिकांना जमीन. केटो, लुकुलस आणि मेटेलस केलर या सिनेटरांनी ती अडवून धरली, इ.स.पू. ६० मध्ये जमिनीचा कायदा आणण्याचा प्रयत्नही फसला. अखेर इ.स.पू. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाल्यावर त्याने, सहकारी कॉन्सलला दडपशाहीने बाजूला सारून, तो कायदा मंजूर करून घेतला. सैन्य मोडणाऱ्याला दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळत ठेवायचे आणि बळ वापरणाऱ्याकडून काम व्हायचे, हा धडा सिनेटनेच सैनिकांना शिकवला. त्यांना लोभी म्हणणाऱ्यांनी सिनेटरांच्या जमीनदारीकडेही एकदा पाहावे.

चौथा मुद्दा म्हणजे सिनेट एकमुखाने स्वातंत्र्यासाठी उभी राहिली, हा दावा. इ.स.पू. ५० च्या डिसेंबरात क्युरिओ या ट्रिब्यूनने सीझर आणि पॉम्पी या दोघांनीही आपापली सैन्ये सोडावीत असा प्रस्ताव मांडला, तेव्हा ३७० सभासदांनी त्याच्या बाजूने आणि केवळ २२ जणांनी विरोधात मत दिले. सभागृहाला तडजोड हवी होती. कॉन्सल मार्सेलसने मात्र सभा बरखास्त केली आणि सिनेटचा तसा ठराव नसताना पॉम्पीला सीझरविरुद्ध सैन्य हाती घ्यायला सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी ४९ मध्ये, सीझरने एका लीजनसह, म्हणजे काही हजार सैनिकांच्या एका पथकासह, रुबिकॉन ओलांडली. ती आगळीक त्याचीच, यात शंका नाही. पण त्या २२ जणांचा वाटा गाळून ही हकिकत सांगता येत नाही.

ब्रुटसविषयी थोडक्यात सांगतो. सायप्रसमधील सालामिस नगराला त्याने हस्तकांमार्फत वर्षाला ४८ टक्के व्याजाने कर्ज दिले होते, आणि वसुलीसाठी तेथील नगरसभेला घोडेस्वारांचा वेढा पडून पाच सभासद उपासमारीने मेले, हे सिसेरो या समकालीन सिनेटरच्या पत्रांतून कळते. सालामिसच्या लोकांना त्याच्या स्वातंत्र्यप्रेमाचा अर्थ निराळा लागला असणार. १५ मार्च ४४ रोजी सीझरचा खून झाला. पुढच्या दोनच दिवसांत सिनेटने मारेकऱ्यांना माफी दिली आणि त्याच बैठकीत सीझरचे सारे निर्णय कायम केले, कारण ते रद्द केले असते तर अनेक सभासदांची पदे गेली असती आणि जमिनीची वाट पाहणारे सैनिक खवळले असते. माणूस गेला तरी ज्या गरजेवर तो उभा होता ती जागच्या जागी राहिली.

राहता राहिला ‘पहिला सम्राट’ हा शब्द. फेब्रुवारी ४४ मध्ये सीझर आजीवन हुकूमशहा झाला, पण ज्या राजवटीला आपण साम्राज्यशाही म्हणतो ती त्याच्या दत्तकपुत्राने, ऑक्टेव्हियनने, इ.स.पू. २७ पासून ऑगस्टस या नावाने उभी केली. एकोणिसाव्या वर्षी सैन्य घेऊन रोमवर चालून गेलेला आणि कॉन्सलपद हिसकावून घेतलेला हा तरुण. फिलिपीच्या लढाईत सीझरच्या मारेकऱ्यांवर मिळवलेल्या विजयानंतर इ.स.पू. ४१ मध्ये सैनिकांना वसवण्यासाठी त्याने इटलीतील शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावले आणि त्यातून पुन्हा युद्ध पेटले. सेवा संपलेल्या सैनिकाचा प्रश्न राज्यानेच सोडवायला हवा, हे त्याला अनुभवातून उमगले असावे. इ.स. ६ मध्ये त्याने सैनिकांच्या निवृत्तीसाठी स्वतंत्र खजिना स्थापला, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घातले आणि तो पुढे चालावा म्हणून वारसाहक्काच्या मालमत्तेवर ५ टक्के आणि लिलावातील विक्रीवर १ टक्का कर बसवला. सैनिकाला आता सेनापतीच्या तोंडाकडे पाहायचे कारण उरले नाही. वारसाकराविरुद्ध सिनेटर कुरकुरत राहिले; इ.स. १३ मध्ये ऑगस्टसने त्याऐवजी जमिनी आणि घरांवर कर बसवण्याची तयारी सुरू केली, तेव्हा कुठे त्यांनी तो ५ टक्क्यांचा कर निमूटपणे मान्य केला.