सर, बॅग सांभाळा

परवा आमच्या तालुक्याच्या स्टँडवर रात्रीची शेवटची गाडी चुकली, पुढची थेट पहाटे पाचला. मग काय, बॅग उशाला घेतली आणि बाकड्यावर आडवा झालो. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारा, सगळा संसार एका पोत्यात. दोनच्या सुमारास पोलिस आला, म्हाताऱ्याच्या तळपायावर काठी आपटली, "ए, ऊठ, चल बाहेर." आणि मला? "सर, बॅग सांभाळा, चोऱ्या होतात इथं." झोपलेलो दोघंही, तिकीट दोघांकडेही नव्हतं (एसटीत ते गाडीतच मिळतं), फरक काय तर माझ्या बॅगेला चेन होती.

घरी येऊन मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ वाचला. मला वाटायचं हात पसरला तरच भीक. छे! पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवतारात फिरतोय की भिकेवरच जगत असेल असं वाटावं, एवढंही पुरतं. मागायची गरजच नाही, नुसतं तसं दिसलं पाहिजे. गाणं म्हणून, भविष्य सांगून पैसे घेतले तरी त्यातच, म्हणजे आपले वासुदेव, पिंगळे पण आत आणि आपण त्यांचे फोटो 'आपली संस्कृती' म्हणून फॉरवर्ड करणार! वॉरंटशिवाय उचलतात, पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लावलेला, तिथल्या हायकोर्टाने २०१८ ला भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. जन्मला आपल्याकडे, इथं मात्र चालूच.

"मग शेल्टरमध्ये जावं ना," हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं ठरलेलं वाक्य. मोठ्या शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा असं सुप्रीम कोर्टाने कधीच सांगितलंय, तुमच्या जवळचा कुठे आहे सांगा बरं. मलाही सांगता आला नाही.

आणि मी काही साळसूद नाही. मागच्या वर्षी ग्रुपवर मेसेज आला, पुलाखालच्या लोकांचा बंदोबस्त करा, घाण करतात. मीपण अंगठा टाकला होता, वाचून न वाचल्यासारखा. आठवड्यात जागा रिकामी, जाळी लागली, आत कुंड्या. तिथली एक आजी रोज बाटली घेऊन आमच्या गेटवर पाणी मागायला यायची, वॉचमन हाकलायचा. आता कुंड्यांसाठी एक दिवसाआड टँकर येतो.