अर्ध्या गावाचा एक जुलै

एक जुलैला आमच्या गावात फेसबुक उघडायची सोय नाही. अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तरनं जन्मतारीख विचारली, की बाप सांगायचा, "लय पाणी पडलं होतं त्या साली." मास्तर १ जुलै लिहून मोकळा. तीच पुढे आधार कार्डावर चढली, तीच फेसबुकवर. शुभेच्छा द्यायला एखादा म्हातारा सुटला, तर संध्याकाळी पारावर जाब द्यावा लागतो.

२००४ साली फेसबुक निघालं ते हार्वर्डच्या कॉलेजातल्या पोरांसाठी. २००६ मध्ये तेरा वर्षांपुढच्या सगळ्यांना दार उघडलं. आमचे मोठेबाबा आत शिरले ते २०१६ मध्ये जिओचं फुकट इंटरनेट आल्यावर, आणि मागोमाग अख्खा पार.

मग पुतण्यानं चिखलदऱ्याला गॉगल लावून काढलेला फोटो टाकला. खाली इंग्रजीतल्या वाहवांच्या मधात मोठेबाबा: "तुरीले पाणी कोन देईन? चष्मा कोनाचा हाय?" त्याखाली मोठ्या मायचे दोन्ही हात जोडलेले. पोरगं त्याच रात्री इन्स्टाग्रामवर पसार.

अमेरिकेत प्यू नावाच्या संस्थेनं १३ ते १७ वयाच्या पोरांना विचारलं होतं. २०१४-१५ मध्ये फेसबुक वापरणारी ७१ टक्के होती, २०२२ मध्ये उरली ३२. त्यांची कारणं त्यांना ठाऊक. आमच्याकडचं कारण रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल पाठवते.

वयाचा हिशेब तरी कोणी कसा करावा? धाकट्या पुतण्यानं अकराव्या वर्षी खातं काढलं, तेही १९८५ चा जन्म टाकून. कागदोपत्री तो माझ्याहून मोठा, नमस्कार मीच करायचा बाकी आहे. म्हाताऱ्यांचं वय मास्तरनं ठरवलेलं, पोरांचं पोरांनी. खऱ्या तारखेचा मी एकटाच, म्हणून दोन्हीकडचे फोन दुरुस्तीला माझ्याकडे.

परवा मोठेबाबा फोन घेऊन आले. "ते इन्स्टा का काय, टाकून दे बाप्पा. पोट्टे कुठं गेले सारे?"

मागे उभा पुतण्या मान हलवून "नाही, नाही" करत होता. मी म्हटलं, "मोठेबाबा, त्याला वयाची अट असते."

"किती?"

"तेरा पूर्ण लागतात."

"अन् वरतून?"

वरतून नसते.

"मंग टाक ना लेका!"